पालटाची राखण

लंडन, १८ नोव्हेंबर १९३४

बाई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. इतक्या लांबून ठेवलेलं पोचतं का, हा प्रश्न एकदा राष्ट्रसंघापुढे मांडायला हवा.

तू विचारलंस, मी इथे नेमकं शिकतो काय, आणि तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं. असं सांग. मागच्या महायुद्धानंतर पुष्कळशा देशांनी मिळून एक संघ काढला. एकावर कुणी चालून गेलं तर ते आपल्यावरच आलं असं समजून बाकीच्यांनी धावून जायचं, असं ठरलं. वेळ आली की ते खरंच धावतात का, आणि धावत नसतील तर का धावत नाहीत, हे मी शोधतो आहे. मांचुरियात जपान शिरला तेव्हा चौकशीला मंडळ गेलं. मंडळाने जाडजूड अहवाल लिहिला. तो वाचून जपान संघातून उठून गेला. मी त्या अहवालाची टिपणं काढतो. हे सांगून सासूबाईंचं समाधान झालं नाही तर माझंही झालेलं नाही, असं कळव.

परवा माझे प्राध्यापक म्हणाले, पुस्तकं पुरे झाली, तुझ्या गावात शेजारचे दोघे भांडले की काय करतात ते सांग. मला एकदम आपलं मचाण आठवलं. ओढ्याच्या अलीकडे आपला मळा, पलीकडे तुझ्या सासरचा. त्यांच्या मचाणावर राखणीला आपल्या घरचं माणूस बसतं आणि आपल्या मचाणावर त्यांच्या घरचं. 'पालटाची राखण' म्हणतात हेही मी प्राध्यापकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "उलटी का?" जन्मापासून पाहिलेली गोष्ट, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. जगात जो तो आपला माल आपण राखतो, मग आपल्या दोन घरांनी हे असं कधी आणि का ठरवलं?

बाबांना विचार, तुझ्या सासऱ्यांना विचार. दोघांचं जुळलं नाही तर तेही कळव, उलट तेच आधी कळव.

तुझा
शालिक


शिरपूर, २७ डिसेंबर १९३४

चि. शालिकराम,

खूप मोठा हो. आधीच झाला आहेस म्हणा, पण माझी आशीर्वाद द्यायची सवय जात नाही.

हे पत्र मी आपल्याच मळ्यातल्या मचाणावर बसून लिहिते आहे. कागद उडू नये म्हणून वर गोफणीचा दगड ठेवला आहे. पेरू पिकायला लागलेत आणि राघूंना माझ्याआधी कळतं कोणता पिकला, त्यामुळे मध्येच उठावं लागतं. अक्षर वाकडं आलं तर दोष त्यांचा. माझं नशीब तुला ठाऊकच आहे. सासरचं माणूस म्हणून राखणीला मी येते, आणि येते ती माहेरच्या मळ्यात. गावातल्या बाया पंचमीची आणि दिवाळीची वाट पाहत बसतात, मी रोज सकाळी ओढा ओलांडते. राखणदाराची भाकर ज्याचा मळा त्याच्या घरून यायची, हा जुना नियम. म्हणून दुपारी माय टोपलं घेऊन येते आणि आम्ही मायलेकी एकाच ताटात जेवतो. सासूबाई म्हणतात, "अंजने, तुह्यं लगन झालं का नाई तेच समजत नाई मले." बाई मनाने चांगली आहे, फक्त बोलण्यात मिरची जास्त.

आता तुझा प्रश्न. बाबा म्हणाले, आपल्या आजोबांच्या काळी ओढ्याच्या पाण्यावरून भांडण पेटलं, राघूंवरच्या गोफणी माणसांवर फिरल्या, दोन्हीकडची डोकी फुटली. मग आजोबांनी मोठं मन करून पहिला हात पुढे केला. मामंजींना विचारलं. तेही हेच म्हणाले, फक्त मोठं मन त्यांच्या वडिलांचं होतं. तुला हवं होतं तसं झालं, जुळलं नाही.

माझी नणंद चंदा म्हणाली, दोघंही आपापल्या घरचं सांगणार, तिसऱ्याला विचारा. ही चंदा तू पाहिलेली आहेस, पण तेव्हा ती परकरात होती. आता अठरावं लागलं. चौथीनंतर तिला मी घरी शिकवलं आणि आता पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना ती उलट प्रश्न विचारते, त्यामुळे पाहुणे परत येत नाहीत. सासूबाईंच्या मते चूक माझी.

तर तिसरं कोण? युसूफची आजी हाजराबी. युसूफ बागवान, तुझ्या वर्गातला. अजूनही दोन्ही मळ्यांचा माल तोच उचलतो आणि मंगरूळपीरला नेतो. गेल्या आठवड्यात म्हातारी त्याच्या गाडीत बसून मळे पाहायला आली. मी आणि चंदाने तिला पेरूखाली बसवून विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "सुलह-बिलह, समेट-बिमेट काई नोतं, पोरीहो. हे म्हने त्यानं माल नासवला, ते म्हने यानं नासवला. माह्या घरधन्यानं सांगतलं, माल कोनाचाच घेत नाई. ज्याच्यावर तुमचा वहीम हाय, त्यालेच आपल्या मयात राखनीले बसवा. मंग नासला तर नाव घ्याले दुसरं कोनी नाई."

बघ, इतकंच. कुणाचं मन मोठं नव्हतं. चंदाने तुझ्यासाठी हे कागदावर उतरवून घेतलं आणि मला म्हणाली, तुझ्या देशांनाही असा एखादा बागवान आहे का ते विचार.

आता घरचं एक. मामंजी अलीकडे कुरकुर करतात. आपल्याकडून त्यांच्या मचाणावर धनीआत्या बसते. तिचं वय झालं, ऊन चढलं की तिची मान छातीवर येते. परवा मामंजी जेवताना बोललेच, "आपली सून त्याईच्या मयात डोयात तेल घालून बसते, अन् त्याईची म्हातारी आपल्या मचानावर घोरून राह्यली." हे बाबांच्या कानावर गेलं. बाबा म्हणाले, माझ्या बहिणीला झोपाळू म्हणणाऱ्याशी मी बोलणार नाही. तेव्हापासून दोन्ही बाजू ताठ आहेत. तुझ्या विद्येत यावर काही औषध असलं तर लवकर पाठव.

अंजना


लंडन, २४ जानेवारी १९३५

बाई,

तुझं पत्र मी प्राध्यापकांना भाषांतर करून वाचून दाखवलं. हाजराबीचं बोलणं ऐकून त्यांनी टेबलावर हात मारला. चंदाला सांग, तिच्या प्रश्नावर आमच्याकडे एक पूर्ण तास वाद झाला. बागवान आहेत, पण एकजण माल घ्यायचं थांबवतो तेव्हा दुसरा मागच्या दाराने घेतो. तेच आमचं दुखणं.

आणि औषधही आहे. ताजं आहे, याच महिन्यातलं. जर्मनी आणि फ्रान्सच्या मध्ये सार नावाचा मुलूख आहे. तो कुणाचा हे तिथल्या लोकांच्या मतांनी ठरायचं होतं. सगळ्यांना वाटत होतं, रक्त सांडणार. तर संघाने काय केलं, ना जर्मन शिपाई ठेवले, ना फ्रेंच. इंग्लिश, इटालियन, स्वीडिश, डच असे, ज्यांचा त्यात काही संबंध नाही असे पाठवले. मतं पडली आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. वर्तमानपत्रात हे वाचताना मला आपलाच ओढा दिसत होता.

म्हणून असं करा. पालट थांबवा. दोन्ही घरांशी नातं नसलेला एक राखणदार दोघांनी मिळून ठेवा. त्याचं मचाण ओढ्यालगत असावं, म्हणजे दोन्ही मळे दिसतील. त्याने दोन्हींपैकी कुठल्याही मळ्यात पाय ठेवायचा नाही, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. जेवणही कुणाचं घ्यायचं नाही. मी सोबत एक करार लिहून पाठवतो आहे. युसूफला दोघांसमोर वाचायला सांग, तो दोघांनाही चालेल.

मला किती बरं वाटतंय सांगू, बाई. इतकी पानं काळी केली, आज पहिल्यांदा त्यातलं काही घरी उपयोगी पडतंय.

शालिक


शिरपूर, १० मार्च १९३५

चि. शालिकराम,

तुझा करार युसूफने दोघांना समोरासमोर बसवून वाचला. विलायतेहून आलेला कागद म्हटल्यावर दोघंही मान डोलावत होते. कोण आधी हो म्हणतो यात थोडा वेळ गेला, तेव्हा युसूफनेच एक, दोन, तीन म्हटलं आणि दोघं बरोबर हो म्हणाले.

केनवडचा गोविंदसिंग नावाचा पेन्शनीतला शिपाई मिळाला. मेसोपोटेमियात लढून आलाय, मिशा पाहिल्या तर राघू आपणहून उडतील. त्याने ओढ्याच्या काठावर मचाण बांधलं. तीन दगडांवर स्वतःची भाकर स्वतः थापतो, कुणाकडचं पाणीही घेत नाही. करार त्याला तोंडपाठ आहे. मळ्यात पाय ठेवत नाही म्हणजे नाही. पहिल्याच आठवड्यात वानरांची टोळी आपल्या वांग्यांत शिरली. तो बांधावर उभा राहून ओरडत होता, दगड मारत होता, पण बांध ओलांडेना. वानरांनी मजेत वांगी खाल्ली. मला वाटतं त्यांनीही तुझा करार वाचला असावा.

दुसऱ्या दिवशी तीच टोळी मामंजींच्या मळ्यात गेली. गंमत पुढेच आहे. दोन्हीकडे सारखंच नुकसान झालं म्हणून दोघंही समाधानी आहेत. पूर्वी पेरू राखले जात होते पण कुणाचे जास्त यावर धुसफूस होती, आता वानरांच्या पोटात जातात पण कुरकुर नाही. हे तुझ्या प्रबंधात कुठे बसतं ते तूच बघ.

धनीआत्या घरी असते. मीही घरी असते. हे पत्र परसात बसून लिहिते आहे. चंदा विचारते, सारचा नकाशा मिळेल का. युसूफच्या वर्तमानपत्रात शेंगदाण्याएवढा ठिपका होता, तो तिने बोटाने झिजवून टाकला.

अंजना


लंडन, १० एप्रिल १९३५

बाई,

नकाशा सोबत आहे. सार लाल पेन्सिलीने रंगवलाय.

ओढ्याची गोष्ट मी प्रबंधात स्वतंत्र प्रकरण करून घातली. काल ती सगळ्यांसमोर वाचली. वानरांवर लोक हसले, आणि सारखं नुकसान हे शांततेचं मोल म्हणून मोजता येईल का यावर मोठी चर्चा झाली. एक स्वीडिश गृहस्थ तर म्हणाले, त्यांना गोविंदसिंगला भेटायचंय. हे प्रकरण नीट उतरलं तर आणखी एक वर्ष इथे राहायची सोय होईल, असं प्राध्यापक म्हणतात.

मला अजून काही हवं आहे. आता दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांविषयी काय बोलतात? पूर्वीपेक्षा मऊ का कठोर? बाबा तिकडच्यांची चौकशी करतात का? माय काय म्हणते? तू दोन्ही घरांत वावरणारी, तुझ्याइतका चांगला साक्षीदार मला दुसरा नाही. शक्य तितकं सविस्तर लिही.

शालिक


शिरपूर, १४ ऑक्टोबर १९३५

चि. शालिकराम,

तुझी जूनमधली आणि ऑगस्टमधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही ते मुद्दामच. रागात लिहिलं असतं तर ते समुद्र ओलांडून तुझ्यापर्यंत जाईस्तोवर माझा राग गेला असता आणि तुझा सुरू झाला असता.

तू विचारलंस, माय काय म्हणते. मला माहीत नाही. कसं माहीत असणार? होळीच्या आधीपासून मी ओढा ओलांडलेला नाही. सून माहेरी जाते ती बोलावणं आलं तर, आणि सासरच्यांनी पाठवलं तर. बाबा बोलावणं पाठवत नाहीत, कारण आत्याला झोपाळू म्हटलं. मामंजी पाठवत नाहीत, कारण न बोलावता कशाला पाठवायची. राखण होती तेव्हा मला बोलावणंही लागत नव्हतं आणि पाठवणंही. मी कामाला जात होते. ते काम तू काढून घेतलंस.

माय सकाळी ओढ्यावर मेथीच्या जुड्या धुवायला येते. मी इकडे भांडी घासते. मध्ये गोविंदसिंग बसलेला. दोघी एकमेकींना पाहतो. एकदा तिने जुडी हातात धरून वर केली, एवढंच. पंचमीला मी रडले, तुला लिहिताना लाज वाटत नाही. तू इतके प्रश्न विचारलेस शालिक, राघू किती, वानरं किती, पण मचाणावर बसणारीला काय वाटतं हे नाही विचारलंस. करारात माझं नावही नाही.

आता न्यायाचं बोलते. मामंजींची तक्रार खोटी नव्हती. आत्या झोपायचीच. आणि मी बाबांच्या झाडावरचा एक पेरू राघूला खाऊ देत नव्हते, तो सासरचा असता तर इतकी धावले असते का, देव जाणे. ज्याच्यावर वहीम त्याला बसवा, असं हाजराबीच्या घरधन्याचं म्हणणं होतं. मग वहीम असलेल्या दोन घरांनी सोयरीक केली, मी सून झाले आणि एका पारड्यात लेकीचा जीव पडला. तराजू तिथेच कलंडला. हे तुझ्या प्रबंधात घाल, स्वीडिश गृहस्थांना आवडेल.

इकडे नवं असं झालं. वानरांच्या कृपेने माल इतका खराब निघतो की युसूफ वैतागला. दसऱ्याआधी त्याने दोन्ही घरी सांगितलं, हे असंच चालायचं असेल तर मी केनवडच्या बाजारातून माल उचलीन. गोविंदसिंगालाही शेतीसाठी घरी जायचंय. मग हाजराबी पुन्हा आली. ती म्हणाली, एका मचाणावर लेक बसली म्हणून बिघडलं ना, मग दुसऱ्यावरही लेक बसवा. म्हणजे चंदा आपल्या घरात द्यायची, तुला. ती आपल्या घरची सून म्हणून रोज तिच्या बापाच्या मळ्यात राखणीला जाईल, मी माझ्या बापाच्या. साटंलोटं. दोन्ही पारडी सारखी. बाबा आणि मामंजी वर्षात पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. माय तर आतापासून गहू निवडते आहे, असं धुणाऱ्या बायांकडून कळलं. घरात मुहूर्ताचं बोलणं सुरू झालं आहे, मी मुश्किलीने तुझ्या पत्रापर्यंत थांबवलंय.

आता माझं मत विचारू नकोस. हे झालं तर माझं माहेर मला परत मिळतं. मला ते इतकं हवं आहे की माझ्या तोंडून खरं निघणार नाही. तूच लिहिलं होतंस ना, ज्याचा संबंध आहे त्याला पंच करू नये? माझा संबंध आहे. आणि चंदाला कुणीही विचारलेलं नाही. ती गप्प आहे, आणि ती गप्प असली की मला भीती वाटते.

युसूफने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. सारमध्ये शांततेसाठी जे इटलीचे शिपाई तुम्ही बसवले होते, त्यांच्याच देशाने हबशांच्या मुलखावर, हबसाणवर, चाल केली म्हणे. चंदाने तुझ्या नकाशामागे हबसाण काढून ठेवलाय. संघ धावला का, ते विचारते.

अंजना


लंडन, १२ नोव्हेंबर १९३५

बाई,

संघ धावलेला नाही. चालतो आहे. इटलीला माल द्यायचा नाही असं ठरलं, फक्त तेल त्या यादीत नाही, आणि लढाईच्या गाड्या तेलावरच चालतात.

तुझं पत्र मी एकदाच वाचलं, पुन्हा वाचवेना. प्रबंधातलं ते प्रकरण मी परत मागून घेतलं आहे. प्राध्यापक म्हणाले, वर्षाची सोय जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, ते अपुरं आहे. त्यात राघू आहेत, वानरं आहेत, शिपाई आहे, माझी बहीण नाही. त्यांनी तू लिहिलेलं तराजूचं वाचायला मागितलं, ते दिलं.

तुझ्या माहेरासाठी मी काय वाटेल ते करीन, हे मी मनापासून लिहितो. पण एक गोष्ट न विचारता करून मी आत्ताच तोंडघशी पडलोय, दुसरी करणार नाही. आत चंदासाठी वेगळा कागद आहे. तू वाच आणि मगच दे, चोरून काही नको. उत्तर ती देईल तेच, आणि मी दोन्ही घरांना तेच कळवीन. नाही म्हणायचं असेल तर नाही मी म्हटलं असं सांगीन, तिच्यावर येऊ देणार नाही.

शालिक

(आतला कागद)

चंदाबाई,

मी तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा तुम्ही गोफणीने माझी टोपी उडवली होती. नेम राघूवर होता असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. मी ते अजून मानलेलं नाही.

ओढ्यावर फळी टाकतात तसं तुम्हाला आणि मला टाकायचं दोन्ही घरांनी ठरवलं आहे. फळीला कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. मळे नसते, मचाण नसतं, बाईचं माहेर अडलेलं नसतं, तर तुम्हाला काय हवं असतं? तुमचे प्रश्न वर्षभर पत्रांतून येत आहेत आणि त्यातल्या एकाचंही पुरतं उत्तर मला देता आलं नाही. निदान हा एक माझा तुम्हाला.

शालिकराम


शिरपूर, २२ डिसेंबर १९३५

शालिकरामजी यांस,

पत्र कसं सुरू करायचं हे वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, मला विचारू नको, माझा संबंध आहे. म्हणून असंच सुरू करते. तुम्ही मला 'तुम्ही' लिहिलंत, ते वहिनीने दोनदा वाचून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. नेम तुमच्या टोपीवरच होता.

तुमच्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला, पण उत्तर येईना. मळे नसते तर, असं मला धरताच येत नव्हतं, कारण ते आहेत. जिकडून विचार करावा तिकडे वहिनी भांडी घासताना दिसायची. हो म्हटलं तर तिच्यासाठी म्हटलं असं व्हायचं, आणि नाही म्हटलं तर तिचं माहेर मी अडवलं असं. मग माझ्या लक्षात आलं, तुम्ही प्रश्न बरोबर विचारला, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न सुटायला हवा.

सगळे एका मचाणावर एकाच माणसाचा विचार करतात. तुम्हीही, हाजराबीही. आमच्या मचाणावर धनीआत्या झोपायची, तर तिच्याशेजारी मी बसले तर काय होईल? ती तुमच्या घरची, मी या घरची. ती झोपली तर मी उठवीन, मी पेरू खाल्ला तर ती ओरडेल. तिकडच्या मचाणावर वहिनी इकडची, आणि तिच्याशेजारी तुमची माय तिकडची. दोन्ही जागी दोन्ही घरं. मग कुणाचा जीव कुठे अडकलाय याची भीती नको. मला तरी घरात असं कुठलं काम आहे, पाहुण्यांना पोहे देण्यापलीकडे?

माझे बापू आधी ऐकेनात. म्हणाले, "पोरीच्या जातीनं मचानावर काहून बसावं, लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, "वयनी बसे तवा लोकं काय म्हनत होते?" आई म्हणाली, "बसू द्या, पाहुने तरी घरात भाजून निघनार नाईत." युसूफभाईंनी सांगितलं, माल चांगला निघाला तर केनवडला जात नाही. धनीआत्याला विचारायला मी स्वतः ओढा ओलांडून गेले. मी कुणाची सून नाही, मला बोलावणं लागत नाही. ती म्हणाली, कुणी बोलायला असतं तर मी झोपले कशाला असते. ती झोपायची ते एकटीला कंटाळा यायचा म्हणून, हे कुणाला माहीतच नव्हतं. परत निघाले तर तुमचे बाबा ओढ्यापर्यंत आले, आणि म्हणाले, पंजाबरावांना, तुझ्या बापूंना, सांग, आमच्या मळ्यात भाकरी आता दोन राखणदारांची येईल. आमच्याकडूनही तसाच निरोप गेला.

सोमवारपासून बसतो आहोत. पेरूला बहार आहे. आत्या दिवसभर बोलते, तुमच्या लहानपणीचं सगळं सांगून झालंय, तुम्हाला ते आवडणार नाही. गावातल्या जैन देवळात येणाऱ्या यात्रेकरूंना कांदा-लसूण नको, हिरवी भाजी हवी, ती आम्ही दोघी मचाणावरूनच हाका मारून विकतो. ओढ्यापलीकडून वहिनीचा आणि तुमच्या मायचा हसण्याचा आवाज येतो. दुपारी दोघी एका ताटात जेवतात. काल वहिनी गोफण फिरवायची विसरली आणि राघूंनी चांगला पेरू नेला, माय तिला ओरडली नाही. गोविंदसिंग जाताना आमच्या हातची भाकर खाऊन गेला, म्हणाला, आता नोकरी संपली, आता चालते.

हे तुमच्या प्रबंधात घालायला माझी हरकत नाही, पण वहिनीचं नाव घाला. आणि एक विचारायचं आहे. हबसाणच्या लोकांना संघातल्या कुणी विचारलं का, तुम्हाला कुणाची राखण हवी आहे ते? का त्यांचंही आपल्या करारासारखंच झालं? खरं काय असेल ते लिहा, मी नकाशावर खूण करून ठेवीन.

घरात मुहूर्ताचं बोलणं बंद झालं आहे. राखणीसाठी आता लग्नाची गरज उरली नाही, म्हणून मोठ्यांचं त्यातलं लक्ष गेलं. आई थोडी खट्टू आहे, वहिनी मात्र मी हे पत्र लिहिताना तीनदा पाणी विचारून गेली.

तुमचा प्रश्न माझ्याजवळ तसाच आहे. पहिल्यांदा विचारलात तेव्हा त्यात मळे होते आणि वहिनीचं माहेर होतं. आता तुमच्या विचारण्याने कुणाचं काही अडणार नाही आणि कुणाची सोयही होणार नाही. तरीही विचारायचं असेल तर पुन्हा विचारा.

चंदा